योगवर्गाला जाताना अंगावर काय, हातात काय?

आमचं सिंदी मेघे गाव वर्धा शहराला अगदी लागून आहे. गाव कुठं संपलं आणि शहर कुठं लागलं, हे नव्या माणसाला कळत नाही. गावात शेतकरी आहेत, मजूर आहेत, नोकरदार आहेत. कुणी पहाटे शेतात जातो, कुणी वर्ध्याला कामावर जातो. अंग मात्र सगळ्यांचंच दुखतं. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाची मान.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीत सकाळचा योगवर्ग सुरू झाला. आम्ही शाळेतून निवृत्त झालेलो. सकाळी घाई नाही. म्हणून आम्हीही जाऊ लागलो.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एक बाई वर्गाच्या दारापर्यंत आल्या. अंगावर रोजची साडी, हात रिकामे. त्यांनी आत डोकावून पाहिलं. आत शहरातल्या दोन-तीन मुली बसल्या होत्या. त्यांच्या अंगावर ताणणारे, अंगाबरोबरचे कपडे होते. प्रत्येकीच्या खाली रंगीत रबरी चटई होती. बाईंनी पदर सावरला आणि त्या मागं फिरल्या.

आम्ही हाक मारली, "बाई, काहून परत चालल्या?"

त्या म्हणाल्या, "मले नाही जमणार जी गुरुजी. माह्याजवळ असे कपडे नाहीत. ते चटई पण नाही. कापूस वेचून वेचून कंबर धरली, म्हणून आली होती. पण हे पैसेवाल्यांचं काम दिसते."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. आम्ही त्यांना थांबवू शकलो नाही. कारण त्यांना काय उत्तर द्यावं, हे आम्हालाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. पण मनाला ती गोष्ट लागली. ज्याची कंबर खरोखर दुखते, तोच दारातून परत जातो. कशापायी? कपड्यापायी आणि चटईपायी.

मग आम्ही वर्गातल्या गुरुजींना विचारलं. जुनी पुस्तकं पाहिली. स्वतः करून पाहिलं. जे कळलं ते इथं सांगतो.

आधी आमचीच फजिती ऐका

पहिल्या दिवशी आम्ही शाळेत जात होतो तसेच वर्गाला गेलो. अंगात पॅन्ट, कमरेला चामड्याचा पट्टा, खिशात किल्ल्या आणि मोबाईल. निघताना घरी पोहे खाल्ले, वर चहा घेतला. म्हटलं, रिकाम्या पोटी कशाला जावं?

मांडी घालायला बसलो, तर पॅन्ट गुडघ्यावर ताणली. पुढं वाकलो, तर पट्टा पोटात रुतला. उताणं निजलो, तर किल्ल्या मांडीला टोचल्या. गुरुजी म्हणाले, "लांब श्वास घ्या." श्वास घेतला तो अर्ध्यावरच अडला. पोहे घशाशी आले. शेजारचे लोक हसले. आम्हीही हसलो. दुसरं काय करणार?

पण त्या फजितीतून एक गोष्ट कळली. कपडा म्हणजे नुसती शोभा नव्हे. श्वास मोकळा जाऊ देणं, हे त्याचं पहिलं काम.

श्वास आणि नाडी

आपली छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पातळ पडदा आहे. तो मांसाचा असतो. आपण श्वास आत घेतो, तेव्हा हा पडदा खाली सरकतो. मग पोट थोडं पुढं येतं. श्वास सोडला, की पडदा वर जातो आणि पोट आत जातं. झोपलेल्या लहान बाळाकडे पाहा. त्याचं पोट कसं संथपणे वरखाली होतं!

आता पोटावर घट्ट पट्टा असला, किंवा परकराची नाडी करकचून बांधली असली, तर पोट पुढं येईल कसं? श्वास वरच्या वर राहतो. योगात तर अर्धं काम श्वासाचंच आहे. म्हणून कमरेला जे बांधाल ते सैल बांधा. नाडी आणि पोट यांच्यामध्ये चार बोटं सहज गेली पाहिजेत.

कपड्याची घरच्या घरी परीक्षा

वर्गाला जाण्याआधी घरातच तीन गोष्टी करून पाहा.

पहिली गोष्ट, उकिडवं बसा. दुसरी गोष्ट, मांडी घालून बसा आणि पुढं वाका. तिसरी गोष्ट, उभं राहून दोन्ही हात डोक्यावर न्या. कपडा कुठं ताणला नाही, उसवला नाही, वर सरकून अंग उघडं पडलं नाही, तर तो कपडा पास झाला. मग तो जुना असो, रंग उडालेला असो, ठिगळ लावलेला असो. धुतलेला असला म्हणजे झालं.

पुरुषांना सैल पायजमा आणि बंडी पुरे. आतून लंगोट किंवा घट्ट चड्डी असावी. धोतर नेसणाऱ्यांनी काचा नीट मारावा, म्हणजे पाय मोकळे राहतात. लुंगी मात्र नको. पाय वर केला की लुंगी घसरते, आणि मग सगळं लक्ष लुंगीकडेच राहतं.

पुष्कळांना वाटतं की पांढरेच कपडे लागतात. दरवर्षी २१ जूनला योगदिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली तसा ठराव केला आणि २०१५ पासून तो दिवस जगभर पाळला जातो. त्या दिवशी मैदानावर पांढऱ्या सदऱ्यांच्या रांगा दिसतात. त्यावरून हा समज झाला असावा. पण रंगाचा काही नियम नाही.

बायाबापड्यांनी काय नेसावं?

साडी नेसून योग होतो का, असं पुष्कळ जणी विचारतात.

आपल्या आज्या नऊवारी लुगडं नेसत. मागं कासोटा घालत. त्याच लुगड्यात त्या रानात निंदण करत, जात्यावर बसत, विहिरीचं पाणी शेंदत. कासोट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहतात आणि अंगही झाकलेलं राहतं. तेव्हा ज्या नऊवारी नेसतात, त्यांनी ती तशीच नेसून यावं. वेगळं काही लागत नाही.

सहावारी साडीत मात्र पाय मोकळा होत नाही. वाकताना पदर तोंडावर येतो. म्हणून घरात सलवार-कुर्ता असेल तर तो घालावा. ओढणी कमरेला बांधावी किंवा बाजूला ठेवावी. सलवार नसेल तर साडीच्या आत सैल पायजमा घालावा. तो मुलाचा असो की नवऱ्याचा असो, आत कोण पाहतो? साडी जरा आखूड नेसावी आणि पदर कमरेला खोचावा.

योग हे पुरुषांचं काम, असंही काही जण म्हणतात. ते खरं नाही. मुंबईला योगेंद्रजींनी १९१८ साली योगसंस्था काढली. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी खास स्त्रियांसाठी योगावर पुस्तक लिहिलं. ते १९३४ साली छापलं गेलं. त्याला आता नव्वद वर्षं होऊन गेली. तेव्हा बायांनी लाजू नये.

सुती कपडा का बरा?

आपला वर्धा जिल्हा कापसाचा. जवळच्या सेवाग्रामला १९३६ साली गांधीजी राहायला आले. तिथं सूत कातलं जाई आणि खादी अंगावर घेतली जाई. सुती कपड्याचा गुण आपल्या लोकांना वेगळा सांगायला नको. तो घाम शोषून घेतो. हवा आत-बाहेर खेळू देतो.

टेरीलीनसारखा कपडा घाम शोषत नाही. घाम अंगावरच राहतो, अंग चिकचिक करतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत सुती कपड्याची किंमत कळते. हिवाळ्यात पहाटे गारठा असतो. तेव्हा वरून स्वेटर किंवा शाल घ्यावी. अंग तापलं की ती काढून ठेवावी. शेवटी उताणं पडून विसावा घेतात, त्याला शवासन म्हणतात. त्या वेळी अंग पुन्हा गार पडतं. तेव्हा तीच शाल पांघरावी.

खाली काय अंथरावं?

आता चटईची गोष्ट. रबरी चटई आली कुठून, हे आधी समजून घेऊ.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात बसण्याची जागा कशी असावी, हे सांगितलं आहे. जागा स्वच्छ असावी. आसन फार उंच नको, फार खाली नको. दर्भ, त्यावर कातडं, त्यावर कापड, असं ते आसन. म्हणजे जे रानात आणि घरात मिळत होतं, तेच अंथरत होते. पतंजलीने तर एवढंच म्हटलं की बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं. विकतचं काही आणा, असं त्यांनी कुठं म्हटलेलं नाही.

रबरी चटई अलीकडची आहे. परदेशात गालिचा घसरू नये म्हणून त्याच्याखाली रबरासारखी जाळी घालतात. योग शिकणाऱ्या काही लोकांनी ती जाळी पायाखाली घेतली. पाय घसरेना. त्यातून पुढं विकायच्या चटया निघाल्या. वस्तू वाईट नाही. कुणाकडे असेल तर त्याने ती खुशाल आणावी. पण ती नाही म्हणून घरी बसू नये.

आपल्या घरात सतरंजी असते, दरी असते, घोंगडी असते. ती माणसाच्या उंचीएवढी लांब असली म्हणजे पुरे. फरशी हिवाळ्यात बर्फासारखी गार असते. पाठीचा कणा आणि गुडघे यांना ती टोचते. तो गारठा आणि टोचणं थांबवणं, हे सतरंजीचं काम. गादी मात्र नको. गादीवर पाय रुततो आणि तोल जातो.

एक धोका लक्षात ठेवा

सतरंजीत एक खोट आहे. गुळगुळीत फरशीवर ती सरकते. उभं राहून पाय फाकवले की एक पाय सतरंजीसकट पुढं जातो. आमच्या वर्गात एक गृहस्थ असेच पडता पडता वाचले. म्हातारपणी पडणं म्हणजे हाड मोडणं. मग महिनोन् महिने खाटेवर.

यावर उपाय सोपा आहे. उभ्याने करायची आसनं उघड्या फरशीवर अनवाणी करावीत. बसून आणि निजून करायची आसनं सतरंजीवर करावीत. पायांत मोजे नकोत, मोजा घसरतो. फरशी ओली नसावी. आल्यावर पाय धुवावेत आणि कोरडे पुसावेत. ज्यांना तोल सांभाळत नाही, त्यांनी भिंतीजवळची जागा धरावी. भिंतीला हात टेकण्यात काही कमीपणा नाही.

जुन्या लुगड्याची पट्टी

पुण्याला बी. के. एस. अय्यंगार नावाचे मोठे योगशिक्षक होऊन गेले. त्यांची संस्था १९७५ साली सुरू झाली. त्यांचं नाव साऱ्या जगात झालं. ज्यांचं अंग वाकत नाही, ज्यांना आजार आहे, त्यांना ते वस्तूंच्या आधाराने आसनं शिकवत. त्या वस्तू कोणत्या? घडी केलेली कांबळी, पट्टा, लाकडी ठोकळा, दोर, खुर्ची.

यातलं आपल्याकडे काय नाही? जुन्या लुगड्याची वीतभर रुंद आणि अडीच-तीन हात लांब पट्टी फाडून घ्या. पाय लांब करून बसलात आणि हात अंगठ्यापर्यंत पोचले नाहीत, तर ही पट्टी तळपायाला अडकवा. दोन्ही टोकं हातांत धरा. आता पाठ न मोडता पुढं वाकता येईल. मांडी घालताना गुडघे वर राहत असतील, तर बुडाखाली गोधडीची घडी घ्या. गुडघे आपोआप खाली येतात. निजताना कंबर दुखत असेल, तर तीच घडी गुडघ्यांखाली घ्या. आमच्या कमरेला याचा फार गुण आला.

दागिने, चष्मा आणि मोबाईल

काचेच्या बांगड्या असतील तर हातावर भार देताना जपावं. बांगडी फुटली तर मनगटात शिरते. बांगड्या वर सरकवून त्यावर रुमाल बांधावा. मंगळसूत्र पोलक्याच्या आत घ्यावं. जोडवी टोचत असतील तर चवड्यांवर बसू नये. केसांचा अंबाडा मागं मोठा असला की निजताना मान वाकडी होते. म्हणून वेणी घालून ती बाजूला घ्यावी. केसांत टोकदार पिना नकोत.

चष्मा ठेवायला डबी आणावी. नाहीतर कुणाचा तरी पाय पडतो. मोबाईल घरी ठेवावा किंवा बंद करावा. घाम पुसायला एक पंचा घ्यावा. पाण्याची बाटली घ्यावी. पाणी घोट घोट प्यावं, गटागटा पिऊ नये.

पोटात काय असावं?

भरपेट जेवण झालं असेल, तर तीन-चार तास जाऊ द्यावेत. सकाळचा वर्ग असेल तर उपाशीपोटी, शौचाला जाऊन यावं. अर्धा कप चहा घेतला तर काही बिघडत नाही. पण पोहे, भाकरी वर्गानंतर.

मधुमेहाच्या लोकांनी मात्र सावध राहावं. गोळी किंवा इंजेक्शन घेऊन उपाशीपोटी अंगमेहनत केली, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. हात थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. म्हणून काय खाऊन यावं, हे आधी डॉक्टरांना विचारावं. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. तसं वाटलं तर लगेच तोंडात टाकावा.

सर्वांत मोठी वस्तू

कपडा विसरला तर चालेल. सतरंजी विसरली तर शेजारी जागा देईल. पण एक वस्तू विसरली तर चालत नाही. ती म्हणजे आपल्या आजाराची खरी हकीकत.

रक्तदाब वाढलेला असेल, तर श्वास कोंडून धरू नये. डोकं खाली आणि पाय वर, असली आसनं करू नयेत. काचबिंदू असेल, तर डोकं खाली केल्याने डोळ्यावरचा दाब वाढतो. हृदयविकार, हर्निया, मणक्याचा आजार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, हे सगळं आधी सांगावं. बाई गरोदर असेल तर तिने संकोच न करता सांगावं. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. अंग फार शिणलं किंवा पाणी कमी पडलं, की त्यांना त्रास उद्भवतो. त्यांनीही सांगावं आणि जपून करावं.

लोक सांगत का नाहीत? लाजतात. किंवा वाटतं, सांगितलं तर काढून टाकतील. पण चांगला शिक्षक काढून टाकत नाही. तो वेगळं, झेपेल असं आसन देतो. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं. योगाने शरीरात काय होतं, हे त्यांनी यंत्रांनी मोजून पाहायला सुरुवात केली. योगालाही मोजमाप आहे. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला अपाय होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांचा कागद किंवा गोळ्यांचं पाकीट बरोबर आणावं. वाचता येतंच आहे, तर गोळीचं नाव वहीत लिहून ठेवावं.

त्या बाई परत आल्या

एवढं कळल्यावर आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. आमची जुनी सतरंजी आणि लुगड्याची पट्टी त्यांना दाखवली. म्हटलं, "बाई, आमचा सगळा सरंजाम एवढाच. तुमच्या घरातही हे आहे."

त्या हसल्या. दुसऱ्या दिवशी आल्या. साडीच्या आत पायजमा, काखेत दरी. बसण्याआधी आम्ही विचारलं, "काही औषध चालू आहे का?" त्या हळूच म्हणाल्या, "बीपीची गोळी आहे जी. पण ते कशाले सांगू?" गुरुजींना सांगितलं. त्या दिवशी सगळ्यांनी पाय वर करायचं आसन केलं. या बाईंना गुरुजींनी उताणं निजून गुडघे छातीशी घ्यायला सांगितलं. न सांगता त्या आसनाला लागल्या असत्या तर काय झालं असतं, देव जाणे.

कंबर अजून पूर्ण बरी नाही. पण सकाळी उठताना आता खाटेचा आधार लागत नाही, असं त्या सांगतात.

नागपूरला जनार्दनस्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ काढलं. योग फुकट शिकवायचा, ही त्यांची रीत. पैसा नाही म्हणून कुणी परत जाऊ नये, हा त्यातला विचार. आपणही तोच धरावा. वर्गाच्या दारातून कुणी मागं फिरताना दिसलं, तर हाक मारावी आणि आपल्या सतरंजीवर जागा द्यावी.

निघताना हे आठवा

१. कपडा सैल, सुती आणि धुतलेला.
२. कमरेची नाडी चार बोटं ढिली.
३. सतरंजी किंवा दरी, एक पंचा, एक पट्टी, गोधडीची एक घडी.
४. पिण्याचं पाणी. थंडीत शाल.
५. पाय अनवाणी आणि कोरडे.
६. पोट हलकं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून.
७. आजार लपवायचा नाही.

ही यादी वहीत उतरवून घ्या. घरातल्या ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा. आणि उद्या सकाळी एकटे जाऊ नका, शेजाऱ्याला बरोबर घ्या.